कवळी काढून ठेवली आहे

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तू "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" करत राहतोस आणि मी घसा फोडत राहते. काल आमच्या आयसीयूच्या मुख्य सिस्टर म्हणाल्या, "अगं, मामीची तब्येत अख्ख्या मजल्याला कळली, एक मामा सोडून." म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

मामी माझ्याकडे राहायला आली आणि एका सकाळी पलंगावरून उतरताना तिचे पाय तिचे राहिले नाहीत, इथवर तुला ठाऊक आहे. ते कळल्यावर तू धावत निघालास आणि स्वतःच्याच जिन्यावरून घसरून पाय मोडून घेतलास, हे मला ठाऊक आहे. पुढचं आता सांगते. तिला नसांचा आजार झाला आहे. पायांतून तो वर चढत गेला, मग हात गेले, मग छातीचे स्नायू थकले. आता तिच्या घशात नळी आहे आणि श्वास मशीन देतं. डोकं मात्र लख्ख जागं आहे. डोळे वर केले की हो आणि घट्ट मिटले की नाही, अशी आमची भाषा ठरली आहे.

मोठे डॉक्टर म्हणाले, हा आजार जसा चढला तसा उतरेल, फक्त त्याला घाई नसते. तोवर फुप्फुसं सांभाळायची. "तुमची मामी या आजाराने जाणार नाही. गेली तर न्यूमोनियाने जाईल," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी रोज हेच काम करते, तरी ते वाक्य घेऊन मी सरळ मामीजवळ जाऊन बसले. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून जसंच्या तसं लिहिते आहे.

हा न्यूमोनिया येतो कुठून, तर बहुतेक वेळा तोंडातून. आपण दिवसभर नकळत लाळ गिळतो, ठसका लागला की खोकतो. तिला दोन्ही जमत नाही, आणि नळीमुळे घशाचं दार उघडंच राहतं. तोंडात साचलेली लाळ आणि तिच्यातले जंतू नळीच्या कडेने थेंबाथेंबाने छातीत उतरतात. म्हणून आम्ही तिची उशाकडची बाजू उंच ठेवतो आणि पुन्हा पुन्हा तोंड साफ करतो. लहान मुलांचा असतो तसा मऊ ब्रश, आणि सोबत लाळ ओढून घेणारी बारीक नळी. खालचे दात, वरची हिरडी, गालांची आतली बाजू, जीभ, सगळं घासायचं, मग ओठांना मलम लावायचं. माझ्या पाळीत हे मीच करते. बाकीच्या पाळ्यांत मैत्रिणी करतात आणि मी त्यांच्या डोक्यावर बसते.

आमच्या विभागाच्या खिडक्यांना दुधी काच आहे. सकाळी तिच्यातून उजेड येतो तो कुठून येतो ते कळत नाही, नुसता भरत जातो. मशीन श्वास आत सोडतं, बाहेर घेतं. मी ब्रश फिरवते आणि मामीशी बोलत राहते, आणि मधेच मला वाटतं की आम्ही दोघी एका संथ होडीत बसलोय आणि किनाऱ्याची कुणालाच आठवण नाही. हसू नकोस. पाळी संपवून घरी गेले तरी पायाखालची जमीन थोडा वेळ डुलत असते.

तिची वरची कवळी काढून ठेवली आहे. डबीत, पाण्यात, अगदी सुरक्षित.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

भरपूर आशीर्वाद आणि एक धपाटा. असलं अक्षर काढतात का? शेवटी शेजारच्या शिंप्याने वाचून दाखवलं, म्हणजे माझ्या कानात ओरडून दाखवलं. तुझा मजला राहू दे, आता आमच्या रस्त्यालाही सगळं कळलंय.

उभा जन्म लोकांच्या तोंडांचे साचे प्लास्टरात ओतले, आता मीच मांडीपर्यंत ओतला गेलोय. शिंपी डबा आणतो, पत्रं टाकतो आणि माझी बोलणी खातो. "गेली तर न्यूमोनियाने जाईल" हे वाक्य मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग त्याला घरी पाठवलं आणि पोटभर रडलो. तुझ्याजवळ लिहायला लाज कसली.

तुझं पत्र आल्यापासून मी एक उद्योग सुरू केलाय. कामाच्या टेबलाशी खुर्ची ओढून घेतली आणि फळीवरून तुझ्या मामीच्या तोंडाचा साचा उतरवला, वरचा आणि खालचा. सकाळी तू ब्रश हातात घेत असशील त्या सुमाराला मीही घेतो. आधी खालचे दात, मग हिरडी, मग गालाच्या बाजूने मागे. शिंपी म्हणतो, प्लास्टर घासून कुणाला गुण आलाय का? नसेल आला. पण तेवढा वेळ तिच्या तोंडाशी दोन माणसं बसलेली असतात, एक तिथे आणि एक इथे. पायदुखीच्या गोळ्यांनी मला गुंगी असते. परवा घासता घासता साचा कोमट झाल्यासारखा वाटला. मी घाबरून हात काढून घेतला, आणि मग परत ठेवला.

आता एक कामाची गोष्ट. तिच्या वरच्या हिरडीत डाव्या अंगाला, अगदी मागे, एक खोबण आहे. बोट फिरवलंस की लागेल. घाण साचायची जागा तीच. तिथे ब्रश आडवा घाल. माझ्याइतकं तिचं तोंड कुणाला ठाऊक नाही.

आणि आता भांडण. कवळी काढून ठेवली म्हणजे काय? ती कवळी लावूनच झोपते आणि लावूनच उठते. कवळी करून दिली त्या दिवसापासून मी, तिचा नवरा, तिला कवळीशिवाय पाहिलेलं नाही. तिथे परक्या लोकांसमोर ती गाल बसलेली पडून आहे, तिला काय वाटत असेल? ती कवळी म्हणजे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे. गिऱ्हाईक कां-कू करायला लागलं की मी तिला आतून बोलावत असे आणि म्हणत असे, "सफरचंद चावून दाखव ग." ती कचकन चावायची आणि हसायची. गिऱ्हाईक तिथल्या तिथे तयार. निदान भेटायच्या वेळेत तरी घालत जा. आणि तिचा एक फोटो पाठव.

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

अक्षर सुधारलंय, बघ. शिंपीकाकांना विश्रांती दे.

बातमी बरी आहे. तोंडातली नळी काढली आणि गळ्यापाशी छोटं छिद्र करून तिथून मशीन जोडलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण तिला मोकळं वाटतंय. तोंडात आडवी येणारी नळी गेल्यामुळे ब्रश सगळीकडे पोचतो. बोलता मात्र येत नाही, कारण हवा गळ्यातूनच बाहेर पडते. ओठ हलतात थोडे. काल ते "पुरे" म्हणाले असावेत, कारण मी बराच वेळ घासत बसले होते.

तू तिथे त्याच वेळी ब्रश घेऊन बसतोस हे तिला सांगितलं. तिने डोळे वर केले आणि बराच वेळ तसेच ठेवले. ते हो कशाला होतं, ते मी विचारलं नाही. त्या वेळी उजेड इतका पांढरा झाला होता की पलंगाच्या कडा दिसेनात.

तू म्हणतोस ती खोबण मला सापडली नाही. पुन्हा बघेन.

फोटो काढायला इथे परवानगी नसते. कवळीचं म्हणशील तर गळ्यातली नळी असेपर्यंत ती बाहेर असलेलीच बरी. तू पायाला जप. खाज सुटली म्हणून प्लास्टरात फूटपट्टी घालू नकोस, मी तुला ओळखते.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

फूटपट्टी नाही, मेण कोरायची सळई घातली होती. फार सुख वाटलं.

दुपारी टेबलाशीच डोळा लागला आणि स्वप्न पडलं. फळीवरचे सगळे साचे तोंड उघडून एकमेकांशी बोलत होते. आयुष्यभरातली सगळी गिऱ्हाइकं, वरचा जबडा खालच्या जबड्याशी. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणतोय, "जरा मोठ्याने बोला," आणि ते आणखीच हळू बोलतायत. मामीचा साचा तेवढा गप्प होता. जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप नेमकी त्याच्यावर पडली होती आणि मी उगाच त्याला विचारलं, "तू का बोलत नाहीस?"

खोबण नीट शोध. नसेल कशी? माझ्या हाताखाली आहे ना ती, आत्ता, लिहिताना. तू घाईत असशील.

सोबतच्या बंद पाकिटात तिच्यासाठी पत्र आहे. तिला वाचून दाखव. मात्र एक अट आहे, भिंगरे. ते वाचताना तिला कवळी घाल. मी तिथे नाही, पण माझं बोलणं ऐकताना तिने नेहमीसारखं असावं, एवढंच मागतोय. तुझ्या हाताला कवळी नीट बसवता येत नसेल तर आधी मागची बाजू टेकव, मग पुढून अंगठ्याने दाब. आपोआप बसते. माझी कवळी कधी सैल बसत नाही.

तुझा,
मामा


२ मार्च

मामा,

मामीला ताप आला आहे. एक्स-रेवर उजव्या फुप्फुसाच्या तळाशी धूसर डाग दिसतोय. कफ तपासायला पाठवलाय. ज्याला मी पहिल्या दिवसापासून भीत होते तो दिवस आलाय, आणि मला आता गोड बोलता येणार नाही.

काही लपवणार नाही असं म्हणून मी लपवलंच. कवळी मी पहिल्या दिवशी काढली तेव्हा तिच्याखाली, वरच्या हिरडीला डाव्या अंगाला जखम होती. आजची नाही, जुनी, कडा पांढरट पडलेली. कवळी त्या जागी रुतत होती आणि पुढून सैल होती. घाण साचलेली, वास येणारी. ज्या जंतूंना आम्ही दिवसभर हाकलत असतो, त्यांचं तिथे घर होतं. ती जखम भरत आणायला मला इतके दिवस लागले. तुला लिहावंसं वाटलं नाही. तू तिथे एकटा, पाय असा, आणि त्या कवळीचा तुला एवढा अभिमान.

फोटोचंही खोटं होतं. परवानगी मिळाली असती. मी मामीला विचारलं तेव्हा तिने डोळे इतके घट्ट मिटले की कडेने पाणी आलं. तुला असं दिसायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग तुझं पत्र आलं. मी कवळी घालणार नव्हते. पण तुझं पत्र आलंय म्हटल्यावर तिने डबीकडे बघितलं आणि डोळे वर केले. मी म्हटलं, "मामी, दुखेल." पुन्हा वर. मी मुख्य सिस्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, तिची इच्छा आहे तर वाचून होईपर्यंत घाल, लगेच काढ आणि तोंड धू. मी तसंच केलं. तुझं पत्र वाचलं. तिच्या चेहऱ्याचे स्नायू जेमतेम हलतात, तरी ती हसायला बघत होती. कवळी काढली तेव्हा भरत आलेली जखम पुन्हा ओली झाली होती. आणि त्याच आठवड्यात ताप.

कवळीमुळेच झालं का? डॉक्टर म्हणतात, तेवढ्या वेळाने असं होत नाही, डागाची कारणं दुसरीही असतात. मला ते पटतं आणि पटत नाही.

तुझ्या साच्यातली खोबण तिच्या तोंडात नाही, मामा. ती जागा झिजून सपाट झालीय. साचा कधीचा आहे, आठवून बघ. तू रोज सकाळी जे तोंड घासतोस ते तोंड आता नाहीच.

रागाने लिहिलंय. फाडणार होते, पण टाकतेय.

भिंगरी


१३ मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. रोज पोस्टमनची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसतो. तुझं दुसरं पत्र येत नाही हे चांगलं की वाईट ते कळत नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला तुझा संताप आला. म्हटलं, पोरीला हिरडी आणि टाळू यांतला फरक कळत नाही आणि मला शिकवते. संध्याकाळी शिंपी डबा घेऊन आला. त्यालाही मीच कवळी करून दिलेली आहे, दोन्ही जबड्यांची. मी त्याला दरडावून विचारलं, "खरं सांग, तुझी कवळी बसते का नाही?"

तो म्हणाला, "बसते की."

"कुठे बसते? दाखव."

त्याने सदऱ्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "इथे छान बसते."

मी हसलो नाही, आणि तोही हसला नाही. मग त्याने खाली बसून माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "पहिली काही वर्षं झकास होती हो. मग तोंड बदललं. तुमच्याकडे यायला लागलं की लावतो, आज गडबडीत राहून गेली. एकदा तुम्हाला सांगायला निघालो होतो तर वहिनींनी दारातच अडवलं. म्हणाल्या, बोलू नका, फार जीव लावून करतात ते. वर हसून म्हणाल्या, माझंही तेच आहे, मी काही बोलते का?"

तर हे असं. ती सफरचंद चावायची तेव्हा तिला कळ जात होती, आणि मी तिला वर्षानुवर्षं बाहेर बोलावत होतो. लोकांची तोंडं बदलतात हे मीच गिऱ्हाइकांना सांगतो, दर काही वर्षांनी नवीन माप द्या म्हणतो. घरातल्या तोंडाचं माप पुन्हा घ्यायचं मला सुचलं नाही. साचा फळीवर होता ना, तोच बघून मी खूश होतो.

आता मी सकाळी साचा घासत नाही. नुसता बसतो. त्या वेळी तू तिच्याजवळ असशील एवढंच डोक्यात असतं, आणि डोळे उघडे ठेवून मला तुमची ती होडी दिसते. मी काठावर आहे, आणि हात केला तरी तुम्हाला दिसणार नाही इतका लांब.

ती जगू दे, भिंगरे. मला दुसरं काही नको. या महिन्याच्या शेवटी प्लास्टर निघेल. जबड्याचं माप घ्यायचा ट्रे आणि त्यात भरायचा मसाला घेऊन त्याच दिवशी निघतो. तिथेच तिचं नवं माप घेतो.

तुझा,
मामा


१५ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. ताप उतरला. कफात जंतू वाढले नाहीत. डॉक्टर म्हणतात, तो न्यूमोनिया नव्हताच. चिकट कफ अडकून फुप्फुसाचा एक कोपरा मिटला होता. आमची व्यायामवाली ताई त्याला थोपटत बसली, मामीला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिली आणि तो उघडला. कालच्या एक्स-रेवर डाग नाही. मी तो एक्स-रे उजेडाकडे धरून वेड्यासारखी बघत बसले होते. काळं, स्वच्छ, हवेने भरलेलं फुप्फुस. मुख्य सिस्टरांनी शेवटी तो हातातून काढून घेतला.

कवळीचा त्यात दोष नव्हता, आणि तुझाही नव्हता. मागच्या पत्रातलं बरंचसं माझ्या भीतीचं होतं. जखमेचं तेवढं खरं आहे. ती आता पुन्हा भरते आहे.

आणि मामा, तिच्या हाताची बोटं हलली. आज तिला मशीनपासून थोडा वेळ सोडवलं. मी शेजारी उभी होते. तिची छाती आपली आपण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी माझाच श्वास धरून ठेवला होता, इतका की व्यायामवाली ताई म्हणाली, "आता तुम्हाला मशीन लावायचं का?"

ब्रश चालूच आहे. मशीन पुरतं सुटेपर्यंत ढिलाई नाही.

तुझी,
भिंगरी


३० मार्च

मामा, तुझं १३ तारखेचं पत्र मी मामीला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. शिंपीकाकांच्या खिशापाशी ती इतकी हसली की मॉनिटर ओरडायला लागला. मग ती रडली. परवा मशीन पूर्ण सुटलं. आज गळ्यातल्या नळीला बोलण्याची झडप बसवली. पहिला शब्द तिने "पाणी" म्हटला. दुसऱ्या वाक्याला म्हणाली, "कागद घे." खाली तिचं पत्र आहे. ती सांगेल तसं उतरवून घेतलंय, माझं त्यात काही नाही. भिंगरी.


अहो,

पोरगी लिहितेय, म्हणून थोडक्यात सांगते. दम लागतो.

मी बरेच दिवस एका पांढऱ्या घरात होते. भिंती मऊ होत्या, दारं नव्हती. कुणी येतंय, जातंय, बोलतंय असं वाटायचं, पण उठून बघता यायचं नाही. रोज सकाळी बाहेर कुणीतरी अंगण झाडायचं. खराट्याचा आवाज माझ्या तोंडातच यायचा. तो आला की मला कळायचं, उजाडलं, आपण अजून आहोत. मधे ताप होता तेव्हा घर पाण्यात गेलं. तरी अंगण झाडणारी येत राहिली. ती म्हणजे ही पोरगी, ते मला नंतर कळलं. तिला मी अजून काही म्हटलेलं नाही, आत्ताच म्हणते. पोरी, लिही, थांबू नकोस.

तुमचं पत्र ऐकलं. तुम्ही म्हणता, मला कळ येत होती आणि तुम्ही मला बाहेर बोलावत होता. मी येत होते ना? मला कुणी धरून आणलं नव्हतं. माझ्या हसण्यावर तुमचं गिऱ्हाईक तयार व्हायचं, मला ते आवडायचं. तुमच्या कामाला नाव ठेवावं असं मनात यायचं नाही. तुम्ही रागवाल म्हणून नाही, तुमचा चेहरा पडेल म्हणून. मग वर्षं गेली आणि सांगायचं राहून गेलं. आपलं दोघांचं बरंच राहून गेलंय. इथे पडल्या पडल्या मला ते एकेक दिसत होतं आणि बोलायला तोंड नव्हतं.

पायाचं प्लास्टर निघालं की या. ट्रे आणि मसाला आणू नका. आधी नुसते या. मी कवळी लावणार नाही. गाल बसलेत, वरचा ओठ आत गेलाय, वय आहे त्याहून जास्त दिसतं. तुम्ही बघा. मला लाज वाटेल, वाटू दे. तोंड फिरवलंत तर मात्र मी माझं पुन्हा उघडणार नाही.

नीट बघून झालं की मग माप घ्या. कवळी कराच, मला सफरचंद आवडतं. पण या वेळी दुखलं तर मी ओरडणार आहे.